मांडवी (कच्छ) आणि डिगबोई (आसाम) यांच्या वेळेत किती फरक आहे? दोन्ही गावं कशी आहेत?

घड्याळात काहीच नाही. सूर्याच्या हिशेबाने मात्र पावणेदोन तास!

मांडवी साधारण 69.3 अंश पूर्व रेखांशावर, डिगबोई 95.6 वर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे सव्वासव्वीस अंशांची झाली 105 मिनिटं. पण देशभर वेळ एकच, 82.5 अंशांवरची. म्हणून डिगबोईत सगळं लवकर उजाडतं-मावळतं, मांडवीत उशिरा.

मी मुलुंडकर. ताई लग्नानंतर डिगबोईला गेली, भावोजी तिथल्या रिफायनरीत होते. आणि समोरच्या ब्लॉकमधले कच्छी काका मूळचे मांडवीचे. त्यामुळे दोन्हीकडे जाणं झालंय.

डिसेंबरात ताईचा साडेचारला फोन येतो तेव्हा तिचा तुळशीपुढे दिवा लावून झालेला असतो. इथे ऑफिसात माझ्या टेबलावर ऊन, हातात दुपारचा चहा. "इतक्यात दिवेलागण?" मी दरवर्षी विचारतो, ती दरवर्षी चिडते. जूनमध्ये ती वचपा काढते. तिथे सव्वाचारला सूर्य वर, आणि पाचला केरवारे उरकून हिचा फोन : "उठलास का रे?" चहाच्या मळ्यांनी यावर केव्हाच उपाय शोधलाय. त्यांचा 'बागान टाइम' घड्याळाच्या तासभर पुढे असतो.

गाव म्हणाल तर डिगबोई शिस्तीचं. रिफायनरी 1901 ची, अजून चालू आहे. टेकड्यांवर जुने बंगले, भोवती जंगल आणि मळे, अंधार पडला की रस्ते सामसूम.

मांडवी अगदी उलट. रुक्मावती नदीच्या काठावर लाकडी जहाजं बांधतात, तीन मजली इमारतीएवढी. मी गेलो तेव्हा दोघंजण फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवत होते. ठक, ठक, मग बिडी, मग पुन्हा ठक. एक जहाज व्हायला दोनेक वर्षं सहज जातात, घाई कुणाला? डिसेंबरातही सूर्य सहानंतर बुडतो, बाजार त्यानंतर रंगात येतो. दाबेली तिथलीच, काकांच्या मते आपण मुंबईत खातो ती दाबेलीच नव्हे. (त्यांचं थोडं बरोबर आहे.)

मुंबईनेही एकेकाळी मळ्यांसारखा स्वतःच्या वेळेचा हट्ट केलाय. 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली, तरी इथे कुठे कुठे 39 मिनिटं मागची 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत पाळत होते.

डिगबोईला थंडीत गेलात तर फिरणं तीनच्या आत उरका. मांडवीत दुपारी खुशाल झोप काढा.