गाडीत रस्ता दाखवणारं आणि जिओकॅशिंगलाही चालणारं एकच जीपीएस घ्यायचं असेल तर कोणतं घ्यावं?

तुमचं म्हणणं असं की गाडीसाठी जीपीएस घ्यायचंच आहे, तर त्यातच जिओकॅशिंगचंही, म्हणजे कोणीतरी लपवून ठेवलेला डबा (त्यालाच कॅश म्हणतात) दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधायच्या खेळाचंही, भागावं. मी म्हणेन, खरेदी उलट्या टोकाकडून करा. हातात धरून रानात फिरायचं जीपीएस घ्या आणि ते गाडीत बोलून वळणं सांगेल एवढं बघा. गाडीचं जीपीएस घेऊन त्याला पायी चालायला लावू नका.

"सॅटेलाइट तेच, चिप तीच, मग फरक कसला?" हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. सॅटेलाइट तेच, कबूल. पण आलेलं ठिकाण गाडीचं यंत्र तसंच्या तसं दाखवत नाही. तुम्ही रस्त्यावरच असणार असं ते धरून चालतं आणि तुमचा बिंदू उचलून नकाशावरच्या जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. गाडी चालवताना हे वरदान आहे, कारण उंच इमारतींमध्ये सिग्नल वीस मीटर सरकला तरी बाण गल्लीतून भरकटत नाही. पण तुम्ही रस्ता सोडून झाडीत पंधरा मीटर आत गेलात की हाच गुण मुळावर येतो. तुम्ही डब्यापाशी उभे असता आणि पडद्यावर अजून डांबरावरच असता. पादचारी मोड लावला म्हणजे झालं, असं सांगणारे बरेच भेटतील. पादचारी मोडही रस्ते आणि पायवाटांवरूनच मार्ग काढतो, फक्त एकदिशा मार्गांकडे दुर्लक्ष करतो. तुम्हाला हवा तो ऑफ-रोड मोड, जो सरळ रेषा आणि उरलेलं अंतर दाखवतो. तो नसेल तर ते मॉडेल जिओकॅशिंगसाठी बाद.

दुसरी अडचण मार्ग काढण्याची. डब्याचे अक्षांश-रेखांश दिले की गाडीचं जीपीएस सरळ रेषेत सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं आणि तिथे नेऊन "पोहोचलात" म्हणतं. मधे नदी आहे की कुंपण घातलेला महामार्ग, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. डबा नदीच्या डाव्या काठावर असेल, उजव्या काठचा रस्ता साठ मीटरवर आणि डाव्या काठची गाडी लावायची जागा चारशे मीटरवर, तर ते तुम्हाला हमखास उजव्या काठावर नेऊन उभं करणार. उपाय सोपा आहे, पण घरून निघण्याआधी करायचा असतो. कॅशच्या पानावर बऱ्याचदा पार्किंगचा वेगळा बिंदू दिलेला असतो. गाडीला तो द्यायचा, डब्याचा नाही. दिलेला नसेल तर उपग्रहचित्रावर डबा कुठल्या बाजूने गाठता येतो ते बघून स्वतः एक बिंदू ठरवायचा. हातातलं जीपीएससुद्धा गाडीसाठी मार्ग काढताना हीच चूक करतं, म्हणून ही सवय दोन्हीकडे लागते.

आकडे भरताना होणारा घोळ तर यंत्र कितीही महाग असलं तरी होतो. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. डेव्ह अल्मर यांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवला, त्याचे आकडे उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८०० असे लिहितात. यातले १७.४६० म्हणजे १७ मिनिटं आणि एका मिनिटाचे ०.४६०, म्हणजेच १७ मिनिटं २७.६ सेकंद. यंत्र अंश-मिनिट-सेकंदावर असताना कोणी तेच १७ मिनिटं ४६ सेकंद असं भरलं, तर साधारण ५७० मीटर उत्तरेला पोहोचेल. दशांश अंशांवर असताना ४५.१७४६० भरलं तर चूक जवळजवळ १३ किलोमीटरची. रेखांशातले ८०० जरा वाचवतात, कारण ८० सेकंद असं काही नसतं आणि यंत्र ते नाकारतं किंवा तुमच्या तरी लक्षात येतं. अक्षांशातले ४६ मात्र काहीच बोलत नाहीत. म्हणून नवीन यंत्र हातात आलं की आधी हे लावा: ठिकाणाचं स्वरूप अंश व दशांश मिनिटं, डेटम (अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४, उत्तर दिशा खरी, चुंबकीय नाही.

खऱ्या उत्तरेचा मुद्दा लोक सोडून देतात. काही कॅशमध्ये "इथून १३५ अंशांवर २४० मीटर" असा पुढचा बिंदू काढायचा असतो. जिथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून दहा अंश सरकलेली आहे, तिथे ही एक सेटिंग चुकली की तुम्ही ४२ मीटर बाजूला शोधत बसता. गाडीच्या जीपीएसमध्ये असा बिंदू काढायची सोयच सहसा नसते.

मग घ्यायचं काय? गार्मिन या जीपीएस बनवणाऱ्या कंपनीची मोंटाना मालिका याच कामासाठी बसते. २०११ सालच्या मोंटाना ६०० चा पडदा ४ इंची होता, २०२० सालच्या ७०० मालिकेचा ५ इंची. हातमोजे घालूनही चालवता येतो, आत तीन अक्षांचं होकायंत्र आहे, आणि ६०० मालिका तिच्या लिथियम बॅटरीवर किंवा तीन साध्या एए सेलवर चालते. गाडीत आवाज हवा असेल तर स्पीकर असलेला गाडीचा माउंट वेगळा घ्यावा लागतो, हे आधीच धरून चला. गार्मिनच्याच ओरेगॉन किंवा जीपीएसमॅप मालिकेची यंत्रं वळणावळणाचा मार्ग काढतात, पण बोलत नाहीत, टुकटुक करतात. अनोळखी शहरात एकट्याने गाडी चालवताना तेवढ्यावर भागत नाही.

नकाशाही तपासा. काही मॉडेलांत फक्त जगाचा ढोबळ नकाशा येतो, त्यावर गल्लीबोळातला मार्ग निघत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून बनवलेला मार्ग काढता येणारा फुकट नकाशा मेमरी कार्डवरच्या गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकला की काम होतं. त्यात घरपत्ता शोधणं मात्र अनेकदा कच्चं असतं.

यंत्रात दोन प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे दोन संच, करा. गाडीच्या प्रोफाइलमध्ये मार्ग वाहनासाठी आणि रस्त्याला चिकटणं चालू. जिओकॅशिंगच्या प्रोफाइलमध्ये मार्ग थेट सरळ रेषेत आणि रस्त्याला चिकटणं बंद. गाडीतून उतरलं की प्रोफाइल बदलायची, मगच चालायला लागायचं. होकायंत्र गाडीपासून दहा-पंधरा पावलं दूर जाऊन कॅलिब्रेट करा आणि सेल बदलले की पुन्हा करा. रिचार्जेबल एए टाकले असतील तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार एनआयएमएच निवडा. नाहीतर भरलेले सेलही अर्धे रिकामे दिसतात, कारण ते १.५ नव्हे तर १.२ व्होल्टचे असतात.

होकायंत्राचं एवढं महत्त्व का? ते नसेल तर यंत्राला दिशा फक्त तुमच्या चालण्यावरून कळते. शेवटच्या दहा मीटरांत तुम्ही थांबता, वाकता, दगडाखाली बघता, आणि बाण गरगर फिरायला लागतो. त्यात डबा ठेवणाऱ्याच्या जीपीएसची पाच मीटरची चूक आणि तुमची पाच मीटरची चूक मिळून साधारण सात मीटरचा घेरा होतो. म्हणून शून्य मीटर दिसेपर्यंत बाणामागे धावू नका. दहा मीटर उरले की यंत्र खाली करा आणि डोळ्यांनी शोधा. दाट झाडीत किंवा कड्याखाली हा घेरा आणखी वाढतो, तिथे दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारी नवी मॉडेलं खरोखर उपयोगी पडतात.

आधीच गाडीचं जीपीएस घेऊन बसला असाल तर तेही फेकून देऊ नका. ऑफ-रोड मोड लावा, सध्याचे आकडे दाखवणारा पडदा उघडा आणि डब्याच्या आकड्यांशी शेवटचे अंक जुळवत चाला. अक्षांशाच्या मिनिटांतला तिसरा दशांश १ ने बदलला म्हणजे तुम्ही १.८५ मीटर सरकलात. रेखांशात हे अंतर विषुववृत्तावर तेवढंच, पण ४५ अंश अक्षांशावर सुमारे १.३ मीटर. यादी फाइलमधून चढवणार असाल तर गार्मिनच्या पीओआय लोडरला (ठिकाणांची यादी यंत्रात चढवणारा प्रोग्राम) सीएसव्ही फाइलमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लागतो, तोही दशांश अंशांत. क्रम उलटा झाला की डबे भलत्याच खंडात किंवा समुद्रात दिसतात. बऱ्याच मॉडेलांची आतली बॅटरी तासाभरात संपते, तेव्हा पॉवरबँक जवळ ठेवा. पाण्यापासून संरक्षण नसतं, आणि गाडीसाठी बनवलेला पडदा भर उन्हात वाचणं कठीण जातं.

यात गार्मिनचं जुनं गाडीचं जीपीएस नुव्ही ५०० किंवा ५५० वापरलेलं मिळालं तर तो वेगळा मामला. ते गाडीत बोलणारं, पाण्यात टिकणारं, बॅटरी बदलता येणारं आणि कॅशचं वर्णन आतच वाचता येणारं यंत्र होतं. पण घेण्याआधी बॅटरी अजून धरते का आणि नकाशा किती जुना आहे, ते बघा.

आणि तुम्ही शहरातले, गाडीतून उतरून वीस पावलांवर असणारे डबेच शोधणार असाल, तर वरचं बरंचसं तुम्हाला लागत नाही. गाडीचं जीपीएस रस्त्यासाठी आणि खिशातला फोन शेवटच्या वीस पावलांसाठी पुरतो. नकाशा आणि कॅशची यादी फोनमध्ये आधी उतरवून घ्या, कारण रेंज नेमकी डब्यापाशी जाते.