व्हीनिअरच्या आधी आम्ल कुठून येतंय ते शोधा

फोंड्याच्या ताई, पुढचे दात पिवळट, कडा काचेसारख्या आरपार, गार पाण्याने शिवशिव, आणि भावाच्या लग्नाआधी ब्लीचिंग करून सहा व्हीनिअर (दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायच्या पोर्सेलीनच्या पातळ चकत्या) बसवायचा सल्ला. तुमचं हे वाचून राहवलं नाही, माझंही अगदी असंच झालं होतं. मी डॉक्टर नाही, रुग्ण म्हणून लिहितोय.

ब्लीचिंगला माझा साफ विरोध. हा पिवळेपणा डाग नसतो. दातावरचं कडक कवच, म्हणजे इनॅमल, आम्लाने झिजलं की त्याच्या आतला पिवळसर थर, म्हणजे डेंटिन, दिसायला लागतो. ब्लीचने इनॅमल परत येत नाही, शिवशिव मात्र वाढते. कोळशाच्या पेस्टही नकोत.

माझे सगळ्यात जास्त पैसे गेले ते एका क्लिनिकमध्ये, नाव लिहीत नाही. फोटो निघाले, शेड ठरली, हप्त्यांचा फॉर्मही पुढे आला. पण रात्री छातीत जळजळतं का, आंबट पाणी घशाशी येतं का, हे कुणी विचारलं नाही. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू नीट पाहिली असती तरी संशय आला असता, कारण पोटातून वर येणारं आम्ल बहुधा तिथेच दात झिजवतं. बसवलेल्या व्हीनिअरचं पोर्सेलीन टिकलं, पण त्याच्या कडेचा माझा स्वतःचा दात झिजत राहिला आणि ऐन चवथीत एक व्हीनिअर निघालं. क्लिनिकचं उत्तर काय, तर "तुम्ही काहीतरी कडक चावलं असणार." तो राग अजून गेलेला नाही, कारण व्हीनिअरसाठी घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

शेवटी बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजमध्ये गेलो. रांगेत दिवस मोडतो, पण तिथे खाणंपिणं, गोळ्या, झोप सगळं विचारलं आणि आधी पोटाच्या डॉक्टरकडे धाडलं. जळजळ आटोक्यात आल्यावरच दातांचं काम झालं.

लग्नाची घाईच असेल तर माझ्या मते कंपोझिट बॉन्डिंगबद्दल, म्हणजे दाताच्या रंगाचं मटेरिअल थेट दातावर लावून आकार देण्याबद्दल, विचारा. त्यात दात फारसा घासावा लागत नाही आणि तुकडा उडाला तर दुरुस्त करता येतो. डाग धरतं आणि काही वर्षांनी बदलावं लागतं, हेही खरं. झीज खोल असेल तर कॅप लागू शकते, ते तपासणाराच सांगेल. कॉस्मेटिक कामाला मेडिक्लेम सहसा मिळत नाही.

सोलकढी सोडू नका, जेवणाबरोबर घ्या. कोकम सरबत किंवा लिंबू सोडा मात्र तासभर घोट घोट पीत बसायचं नाही. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर नुसत्या पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या-एक तासाने.

आणि काम सुरू होण्याआधी दातांचे आतून-बाहेरून फोटो आणि जमलं तर प्लास्टरचे साचे मागून घ्या. सहा महिन्यांनी ते शेजारी ठेवले की झीज थांबली की चालूच आहे, हे दाखवता येतं. माझ्याकडे ते नव्हते, म्हणून क्लिनिकपुढे काही सिद्ध करता आलं नाही.