एकाच औषधाची इतकी वेगवेगळी नावं का असतात? ती ठेवतं कोण?

नाव ठेवणारे दोन. आतल्या घटकाचं नाव जागतिक आरोग्य संघटना ठरवते (त्यांची पहिली यादी 1953ची), जगभर एकच नाव चालावं म्हणून. तरी अमेरिकेत पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेनच म्हणतात. पाकिटावरचं दुसरं, ब्रँडचं नाव कंपनीचं, ते खपासाठी. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो, तिन्ही पॅरासिटामॉलच.

आता हे किती महागात पडतं ते सांगते. आईला गावच्या डॉक्टरांनी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन दिलेली. पुण्यात दादाकडे राहायला आली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनीही तीच लिहिली, पण दुसऱ्या कंपनीची. आईने गावची सकाळी आणि पुण्याची रात्री, अशा दोन्ही चालू ठेवल्या. नाव वेगळं, रंग वेगळा, तिने औषध वेगळं समजायचं नाही तर काय? पाय इतके सुजले की चपलेत अंगठा जाईना. ‘वयोमानाने होतं’ म्हणत सगळे गप्प. दिवाळीत मी गेले तेव्हा तिचा गोळ्यांचा डबा पलंगावर उपडा केला. एका पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत अ‍ॅम्लोडिपिन सापडलं. दुसरी पट्टी केमिस्टने कापून दिलेली, घटकाचं नाव दुकानात राहिलेल्या तुकड्यावर. बिलावरचं नाव गूगल केलं, तर तीच गोळी! डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक बंद केली आणि सूज उतरली.

दादाचं म्हणणं आजही तेच: “डॉक्टरांनी लिहिलंय ते घ्यायचं, नावं वाचायला आपण काय फार्मासिस्ट आहोत?” साफ चूक. 2018पासून घटकाचं नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम आहे (तीन किंवा जास्त घटकांच्या मिश्रणांना सूट), तो कोणी वाचावं म्हणूनच ना? घटकाच्या नावाची शेपटी, म्हणजे शेवटची अक्षरं, बघायची. सार्टन, प्रिल बीपीची, ग्लिप्टिन शुगरची, प्राझोल पित्ताची. दोन गोळ्यांची शेपटी जुळली की डॉक्टरांना विचारायचं.

फक्त विचारायचं हं, आपल्या मनाने बंद करायची नाही. शेपटी फसवतेही: अरिपिप्राझोल पित्ताची नाही, मानसिक आजाराची आहे. आणि फिट्स किंवा थायरॉइडच्या गोळीची कंपनीसुद्धा न विचारता बदलू नका.

दादा, वाचत असशील तर आईच्या पट्ट्या अख्ख्या आणत जा.