३१ आठवड्यांत जन्मलेली माझी मुलगी आता दोन वर्षांची आहे. माझ्या काळजीमुळे ती भित्री होईल का?

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि हातातलं काम तसंच टाकून लिहायला बसले. 'सासूबाई म्हणतात, तू रात्री उठून उठून तिचा श्वास बघतेस, त्यानं पोरगी घाबरट होणार.' हेच मी २०१८ मध्ये ऐकलंय, जावळाच्या दिवशी, चारचौघांत. माझ्या घरी ते जाऊबाई बोलल्या होत्या. मुलीला प्लेग्रुपला पाठवावं का, हेही तुम्ही विचारलंय, त्याकडे शेवटी येते.

आम्ही तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. मुलगा २०१७ च्या फेब्रुवारीत झाला. २९ आठवडे, ११८० ग्रॅम. ऐन काढणीचे दिवस. बागेत व्यापाऱ्याची माणसं, क्रेटच्या थप्प्या, आणि माझं बीपी वाढलं म्हणून मला रातोरात मिरजेला हलवलेलं. सिझर झालं. नंतरचे अकरा दिवस मी त्याला फक्त काचेतून बघितलं, कारण आईनं आत यायचं नाही असा त्या दवाखान्याचा नियम होता. बाराव्या दिवशी एका सिस्टरनं त्याला माझ्या छातीवर उपडं ठेवलं, वरून साडीचा पदर आणि दुपटं. माझ्या दोन तळव्यांत अख्खा मावत होता.

या अकरा दिवसांचा राग माझा अजून गेलेला नाही. बाळाला असं उघड्या छातीशी धरून ठेवायची कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोता शहरात १९७८ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. पुढं २०२१ मध्ये पाच देशांतल्या रुग्णालयांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर आधी बाळ स्थिर होऊ दे मग आईकडे देऊ, या जुन्या रीतीपेक्षा मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. माझा मुलगा याच वजनाचा होता. आईला दाराबाहेर उभं करायचं आणि नंतर म्हणायचं, हिला बाळ हाताळायची एवढी भीती का वाटते?

आता श्वासाचं. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र कच्चं असतं. बाळ श्वास घ्यायचं विसरतं. वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मॉनिटर वाजायला लागतो, ऑक्सिजनचा ९४ चा आकडा ८० वर, ७० वर येतो, सिस्टर धावत येते, तळपायावर टिचकी मारते, आणि बाळ परत श्वास घेतं. कॅफिनचं औषध चालू असतानाही व्हायचं. मला आत घ्यायला लागल्यावर टिचकी मारायला मलाही शिकवलं. दाखल होतो ४४ दिवस, आणि मला आत घेतल्यापासून माझं काम तेवढंच. आकडा बघायचा, टिचकी मारायची.

मग एका सकाळी १८०० ग्रॅमचं बाळ दुपट्यात गुंडाळून हातात दिलं आणि मॉनिटर तिथंच राहिला. घरी सोडण्याआधी हे श्वास विसरणं थांबल्याची खात्री डॉक्टर करतात. मला तसं नीट सांगितलंही होतं. कानांनी ऐकलं, पण हाताला ते पटलं नाही. बाळ श्वास विसरतं आणि हात लावला की जगतं, हे जिला महिनाभर शिकवलं, ती बाई घरी येऊन झोपेल कशी? म्हणून तुम्हाला आधी हे सांगते की तुम्ही वेड्या नाही आणि कमकुवतही नाही. तुमच्या हाताला एक काम लावून दिलंय आणि ते संपलं असं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मी तर मेडिकलमधून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं. रात्री दीडला मुलाच्या अंगठ्याला लावलं तर ७८. तसेच गाडी काढून मिरजेला गेलो, सगळ्या रस्ताभर मी त्याच्या तळपायावर टिचक्या मारत होते. ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासलं, मग ते मशीन माझ्या बोटाला लावलं आणि म्हणाल्या, हे मोठ्या माणसाच्या बोटाचं आहे, इवल्या अंगठ्यावर ते काहीही दाखवतं. मशीनकडे नको, बाळाकडे बघ. ओठांचा रंग बघ, दूध ओढतंय का बघ, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का बघ. ते ऐकूनही पुढची चार वर्षं मी रात्री सात-सात वेळा उठत होते.

बारसं केलं नाही. तीनशे माणूस जेवायला येणार आणि प्रत्येक जण बाळाच्या गालाला हात लावणार, मी सरळ नाही म्हटलं. त्याचा राग घरात साठलेला होता. जावळाला सगळे जमले तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "दवाखान्यानं काचेतनं बाहेर काढलं त्याला, तू काही काढंनास. अशानं पोरगं भित्रंच निघणार."

मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. आमच्याकडे ऑक्टोबरात छाटणी होते, नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात येते, तेव्हा पाऊस किंवा धुकं पडलं की डाऊनी या पानावरच्या रोगाची भीती. माझे मिस्टर रात्री दोनला उठतात, बॅटरी घेऊन बागेत जातात, पानाची खालची बाजू बोटानं पुसून बघतात. एकदा नाही, दोनदा, तीनदा. एका वर्षी हातची बाग गेली होती, तेव्हापासून हे आहे. घरातले सगळे म्हणतात, किती जिवापाड सांभाळतो बागेला. एकदा गमावलेल्या माणसानं पान बघायला उठलं तर तो कष्टाळू, आणि गमावता गमावता वाचलेल्या बाईनं पोराचा श्वास बघितला तर ती पोरगं बिघडवणारी. हा न्याय मला मान्य नाही.

पण मग २०२१. मुलगा चार वर्षांचा. जाऊबाईंच्या मुलीची बाहुली त्यानं सोप्यात निजवली, तिच्या नाकाखाली बोट धरलं, स्वतःचा श्वास रोखून बघत राहिला, मग तळपायावर टिचकी मारली आणि म्हणाला, "चालूय." मी दारात उभी होते. जाऊबाईपण होत्या. दोघीही बोललो नाही. त्या आठवड्यात मी सांगलीला एका समुपदेशक बाईंकडे गेले. जायला चार वर्षं लागली, तेवढं तुम्ही लावू नका.

त्यांनी मला सांगितलं की हे जुनं ओळखीचं आहे. ग्रीन आणि सॉल्निट या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलंय. जे मूल आता जगत नाही असं आई-बापांना एकदा वाटून गेलं, ते पुढं ठणठणीत झालं तरी घर त्याला नाजूकच समजत राहतं, आणि मग मूलही तसं वागायला लागतं. आईला सोडत नाही, वयापेक्षा लहान वागतं, अंग जरा दुखलं की घाबरतं. म्हणजे जाऊबाईंच्या बोलण्यात तथ्य होतं का? अर्धं. दुसरा अर्धा असा की लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये लक्ष न टिकणं, बुजरेपणा, भीती मुळातच थोडी जास्त आढळते. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू पोटात वाढायचा तो सुया, नळ्या आणि अलार्ममध्ये वाढलेला असतो. ते आईनं केलेलं नसतं. बुजऱ्या मुलामुळे आईची काळजी वाढते, आईच्या काळजीनं मूल आणखी चिकटतं, हे दोन्हीकडून चालतं. तरीही बहुतेक मुलांना कसलाही मानसिक आजार होत नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

उपाय काय केला तर फार साधा. बाईंनी मला 'बघू नको' म्हटलं नाही. सातावर चार, चारावर दोन, असं उतरवत आणलं. आणि मिस्टरांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, मी बागेला उठतोच, मी बघून येतो, तू पडून राहा. ते शब्द मला चार वर्षांपूर्वी हवे होते. तीन आठवड्यांत मी सलग पाच तास झोपले. माझ्या मते पोराला आईची काळजी तेवढी बाधत नाही, जेवढी काळजीत एकटी पडलेली, झोप नसलेली आई बाधते. तुमच्या सासूबाईंना खरंच नातीची चिंता असेल तर त्यांनी आठवड्यातल्या दोन रात्री तिला आपल्याजवळ घेऊन झोपावं.

जाऊबाईंबद्दल एवढं लिहिलं तर हेही लिहायला हवं. त्या ४४ दिवसांत माझ्या मोठ्या मुलीची वेणी-फणी, शाळा त्यांनीच बघितली, आणि काढणीच्या गर्दीत रोज मिरजेला डबा पाठवला. ते वाक्य मात्र चूक होतं, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलेलंही आहे.

एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. मूल गाढ झोपलेलं असूनही तुम्हाला झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, जगू नये असं मनात येत असेल, तर रात्री उठायच्या पाळ्या लावून भागणार नाही, मानसोपचार डॉक्टरांकडे जा. मीही काही महिने गोळ्या घेतल्या. अंगावर पाजत असाल तर तसं त्यांना सांगा. जवळ कुणी नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि मुलीचे ओठ निळसर दिसले, बरगड्या आत ओढल्या गेल्या, खाणं-पिणं एकदम तुटलं, तर ती तुमची काळजी नव्हे, तो आजार आहे, लगेच निघा.

प्लेग्रुपचं मला नीट सांगता येणार नाही. २०१९ ला मीच पाठवलं नाही, पुढं कोविडनं शाळा बंद, त्यामुळे आमचा वर्गात बसला तो पाच वर्षांचा होऊनच. दोन वर्षांपर्यंत वय मोजताना चाळीसला कमी पडलेले नऊ आठवडे वजा करतात हे तुम्हाला माहीत असेलच, तेवढं तिथल्या बाईंनाही सांगा, म्हणजे त्या तिची तुलना इतर मुलांशी करणार नाहीत. मुलं थोडी असलेली जागा बघा, आणि सुरुवातीला बाहेरच्या पायरीवर बसायला देतात का विचारा.

मुलगा आता तिसरीत आहे. नवीन माणूस आला की अजून माझ्या मागे उभा राहतो. गेल्या ऑक्टोबरात छाटणीनंतर पाऊस लागला, मिस्टर दोनला उठले, परत आल्यावर मी झोपेतच विचारलं, बघितलं का त्याला? म्हणाले, तो इथं कुठाय, वहिनींकडे झोपलाय की पोरांच्यात.