वाचक विचारतात: शेअर सॉफ्टवेअरचे इशारे कसे वाचावेत?

रिलायन्सच्या चार्टवर 28 ऑक्टोबर 2024 ला भाव निम्म्यावर आलेला दिसतो. सॉफ्टवेअर ‘असामान्य भावबदल’ म्हणून लाल खूण करतं आणि आरएसआय (अलीकडच्या चढ-उताराचा जोर 0 ते 100 मध्ये दाखवणारा आकडा) तळाला जातो. शेअर खरंच कोसळला होता का? (वाचक, म्हापसा)

नाही. ती 1:1 बोनसची (दर शेअरमागे एक मोफत शेअर) एक्स-डेट, म्हणजे बोनसच्या हक्काविना सौदे सुरू होण्याचा दिवस होता. एका शेअरचे दोन झाले, म्हणून आदल्या सत्रातला सुमारे 2655 रुपयांचा भाव नव्या हिशेबात 1328 च्या आसपास येतो. गुंतवणूकदाराचं यात काहीच गेलं नाही. तुमच्याकडचा जुना डेटा मात्र ॲडजस्ट झालेला नाही, आणि म्हणून सॉफ्टवेअरला 50 टक्क्यांची घसरण दिसते.

दुरुस्ती अशी करा. एक्स-डेटच्या आधीचे चारही भाव (ओपन, हाय, लो, क्लोज) एका गुणकाने गुणायचे आणि त्याच गुणकाने व्हॉल्यूमला (सौदे झालेल्या शेअरांची संख्या) भागायचं. 1:1 बोनसला गुणक 0.5. दर दोन शेअरमागे एक बोनस असेल तर दोनाचे तीन होतात, म्हणजे गुणक 2 भागिले 3. स्प्लिटमध्ये (एका शेअरचे कमी दर्शनी मूल्याचे अनेक शेअर होतात) नवं दर्शनी मूल्य भागिले जुनं. नेस्ले इंडियाचं जानेवारी 2024 मध्ये 10 चं 1 रुपया झालं, तिथे गुणक 0.1.

व्हॉल्यूम विसरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. भाव दुरुस्त होतात, चार्ट सुंदर दिसतो, पण एक्स-डेटनंतरचा व्हॉल्यूम आधीच्या दुप्पट वाटतो आणि ‘मोठी खरेदी’ असा खोटा संकेत मिळतो. दुसरी चूक दुहेरी दुरुस्तीची. डेटा पुरवणाऱ्याने आधीच ॲडजस्ट केलेला असतो आणि आपण सॉफ्टवेअरमधला स्प्लिटचा पर्याय पुन्हा चालवतो. मग एक्स-डेटच्या दिवशी भाव अचानक दुप्पट झाल्यासारखा दिसतो. म्हणून दुरुस्तीआधी एक्स-डेटच्या आदल्या सत्राचा क्लोज एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजार) त्या दिवसाच्या मूळ भावकॉपीशी (दिवसअखेरच्या भावांची फाइल) ताडून पाहा. दोन्ही जुळले तरच गुणक लावा.

डीमर्जरला (कंपनीतून एक व्यवसाय वेगळा काढणं) असा गोल गुणक नसतो. आयटीसीचा शेअर आयटीसी हॉटेल्स वगळून 6 जानेवारी 2025 पासून विकला जाऊ लागला. त्या दिवशी मूळ शेअरची किंमत नेहमीच्या सौद्यांआधीच्या खास प्री-ओपन सत्रात ठरली आणि गुणक तिच्यावरूनच काढावा लागतो.

‘मधल्या दिवसांचा डेटा नाही’ हा इशारा दरवर्षी ठरावीक दिवसांत येतो. इंटरनेट तर चालू असतं. (वाचक, फोंडा)

गोव्याच्या सुट्ट्या आणि बाजाराच्या सुट्ट्या एक नाहीत. 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त आणि 19 डिसेंबरचा मुक्तिदिन या दिवशी आपलं ऑफिस बंद, बाजार मात्र शनिवार-रविवार नसेल तर चालू. चवथीचंही तसंच. 2025 मध्ये 27 ऑगस्टला बाजार बंद होता, पण 28 ला, म्हणजे आपल्याकडच्या दुसऱ्या दिवशी, सौदे झाले. जे हाताने भावकॉपी उतरवतात त्यांचे नेमके हेच दिवस राहून जातात. एक्सचेंजची सुट्ट्यांची यादी सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये भरा आणि राहिलेल्या दिवसांच्या फायली तारखेच्या क्रमाने आयात करा.

उलटाही प्रकार असतो. 12 नोव्हेंबर 2023 ला रविवारी मुहूर्ताचे सौदे झाले. ‘सोमवार ते शुक्रवार’ अशी गाळणी असेल तर सॉफ्टवेअर तो दिवस चुकीचा ठरवतं. तो पुसू नका. मात्र ते सत्र जेमतेम तासाभराचं असल्याने व्हॉल्यूमच्या सरासरीतून वगळा.

इशारा 8 जुलै 2024 पासून सलग येत असेल तर कारण वेगळं आहे. त्या दिवसापासून एनएसईने भावकॉपीचा जुना साचा बंद केला. आयातीच्या व्याख्येत रकान्यांचे क्रम नव्याने लावा. क्लोज आणि लास्ट हे दोन रकाने शेजारी असतात, ते अदलाबदल होऊ देऊ नका. 2025 अखेरपर्यंतच्या डेटात क्लोज म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी आणि लास्ट म्हणजे अखेरचा सौदा.

सेसा गोवाचा डेटा 2013 ला संपतो. (वाचक, डिचोली)

विलीनीकरणानंतर कंपनीचं नाव सेसा स्टरलाइट झालं आणि 2015 मध्ये वेदांता. नावाबरोबर चिन्हही (एक्सचेंजवरचं शेअरचं छोटं नाव) बदललं, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये एकाच शेअरचे तीन तुकडे पडलेले असतात. जुन्या चिन्हांचा डेटा नव्यात जोडता येतो. पण 2013 आधीची कंपनी मुख्यतः लोहखनिजाची होती, नंतरची जस्त, ॲल्युमिनियम आणि तेलाचीही. त्या सांध्यापलीकडचे भाव आजच्या आधार-अडथळ्यासाठी (भावाची घसरण किंवा चढ जिथे थांबतो त्या पातळ्या) वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

एकाच शेअरचा 14 दिवसांचा आरएसआय दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळा का? (वाचक, मडगाव)

वाइल्डरच्या (आरएसआयचे जनक) पद्धतीत प्रत्येक नवा आकडा आधीच्या आकड्यावर उभा असतो. सुरुवातीच्या सरासरीचं वजन 28 दिवसांनंतरही सुमारे 12.5 टक्के उरतं, 100 दिवसांनी ते नगण्य होतं. दोन्हीकडे किमान 250 दिवस चढवा. तरीही फरक राहिला तर एकीकडे साधी सरासरी वापरली आहे का, ते सेटिंगमध्ये पाहा.

निफ्टी चढतो, पण ॲडव्हान्स-डिक्लाइन रेषा (चढलेल्या आणि उतरलेल्या शेअरांच्या संख्येतला फरक दाखवणारी) उतरते. शिवाय इंडिया व्हीआयएक्स 15 आहे. हे घाबरण्यासारखं आहे का? (वाचक, काणकोण)

आधी रेषेत काय मोजलं जातंय ते पाहा. भावकॉपीत ईटीएफ (बाजारात शेअरसारखे विकले जाणारे फंड), रोखे, ट्रेड-टू-ट्रेड शेअर (ज्यांची डिलिव्हरी घ्यावीच लागते) सगळे असतात. फक्त ‘ईक्यू’ (नेहमीच्या शेअरांची) मालिका ठेवा आणि ईटीएफची चिन्हं वेगळी यादी करून गाळा, कारण तीही ‘ईक्यू’तच येतात. शेअरांची संख्या वर्षागणिक बदलते, म्हणून चढलेले वजा उतरलेले या फरकाला दोघांच्या बेरजेने भागा. एवढं करूनही रेषा काही आठवडे उतरतच असेल, तर मोजके वजनदार शेअर निफ्टीला वर धरून आहेत असा अर्थ. तो विक्रीचा हुकूम नव्हे. नवी खरेदी लहान ठेवायला मात्र तो पुरेसं कारण आहे.

व्हीआयएक्स निफ्टीच्या ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाला खरेदी-विक्रीचा हक्क देणारे करार) भावांतून निघतो आणि येत्या 30 दिवसांतली अपेक्षित हालचाल वार्षिक दराने सांगतो. 15 ला 12 च्या वर्गमुळाने, म्हणजे 3.46 ने भागलं की महिन्याला सुमारे 4.3 टक्के, वर किंवा खाली. दिशा त्यात नसते. 4 जून 2024 ला मतमोजणीच्या दिवशी निफ्टी जवळजवळ 6 टक्के पडला आणि व्हीआयएक्स उसळला. अनिश्चितता सरताच दुसऱ्या दिवशी व्हीआयएक्स झपाट्याने उतरला. मार्च 2020 मध्ये हाच आकडा 80 च्या वर गेला होता. त्यामुळे 15 किंवा 20 वर कायमची रेघ आखू नका. आजचा आकडा मागच्या 252 सत्रांपैकी (साधारण एक वर्ष) किती टक्के सत्रांपेक्षा जास्त आहे ते काढा आणि तोच चार्टवर लावा.