'स्टार ट्रेक'मधली 'डीप स्पेस नाइन' ही मालिका पाहून संपली, आता तिच्यावरच्या कादंबऱ्या वाचाव्यात का? सुरुवात कुठून करू?

जरूर वाचा, आणि सुरुवात 'अ स्टिच इन टाइम'नेच करा. मालिका १९९९ मध्ये संपली, ही कादंबरी २००० साली आली. लेखक अँड्र्यू रॉबिन्सन, म्हणजे मालिकेत गॅरॅक या शिंप्याची भूमिका करणारे नट स्वतः! भूमिका अंगात भिनावी म्हणून त्यांनी गॅरॅकची डायरी लिहायला घेतली होती, तिचीच पुढे ही कादंबरी झाली. सगळं पुस्तक म्हणजे गॅरॅकने मालिकेतल्या आपल्या मित्राला, डॉक्टर बशीरला लिहिलेलं एक लांबलचक पत्र. मालिकेत एक वाक्य सरळ न बोलणारा हा शिंपी इथे कार्डेशिया या आपल्या उद्ध्वस्त मायग्रहावर बसून बालपणापासूनचं सगळं सांगतो. मला तर त्यानंतर त्याचे जुने प्रसंग वेगळेच दिसायला लागले. कादंबरीत घडलेलं पुढच्या मालिकांवर बंधनकारक नसतं, पण त्याने वाचनाची गोडी कमी होत नाही.