पेमेंटचे लोगो दाखवायला तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी घ्यावी की स्वतः लिहावी?

तुम्ही बीडमधल्या एका दुकानाची साइट करताय, चेकआउटच्या पानावर यूपीआय, रुपे, व्हिसा असे पाच-सहा लोगो हवेत, आणि त्यासाठी आपलीच लायब्ररी (पुन्हा पुन्हा वापरता येणारा तयार कोड) लिहून एनपीएमवर (अशी जावास्क्रिप्टची पॅकेजं सगळ्यांसाठी ठेवतात तिथं) टाकावी असं मनात आहे. मी दोन्ही करून बसलोय. पाच-सहा लोगोंसाठी लायब्ररी तयारही घेऊ नका अन् लिहूही नका. एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र) फायली फोल्डरात ठेवा, साध्या इमेज टॅगनं दाखवा, संपलं. तरीही लिहायची खाज असेल (मलाही होती), तर चित्रं जमवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे, एवढं धरून चला.

नांदेडला घरी बसून मी वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याची साइट करत होतो. एक बाहेरची लायब्ररी घेतली होती. कार्डाचे आकडे टाकता टाकता लोगो बदलायचा, मलाच लई भारी वाटायचं. मालकांनी स्वतःचं कार्ड टाकून बघितलं आणि लगेच फोन: "काहो इंजिनिअर साहेब, हे डिस्कव्हर काय असतंय? माझं कार्ड तर रुपे हाय!"

गोम सुरुवातीच्या आकड्यांत होती. व्हिसा ४ नं सुरू होतं, मास्टरकार्ड ५१ ते ५५ किंवा २२२१ ते २७२० नं, अमेरिकन एक्सप्रेस ३४ किंवा ३७ नं. इथवर सरळ. रुपे मात्र ६०, ६५, ८१, ८२, ५०८ असं विखुरलेलं आहे, आणि ६०११ व ६५ हे डिस्कव्हरचेही आकडे. लायब्ररी लिहिणाऱ्यानं आधी डिस्कव्हर तपासलं होतं, त्याच्या गावी ते बरोबरच असेल. २०१४ च्या जनधन योजनेनंतर आपल्याकडं खेड्यापाड्यांत जे कार्ड पोचलं ते रुपे. तेव्हा गिऱ्हाईक इथलंच असेल तर रुपेची तपासणी वर घ्या, आणि दोन-तीन आकड्यांत नक्की होत नसेल तर कोऱ्या कार्डाचं चित्र दाखवा. चुकीच्या लोगोपेक्षा ते बरं. आता बहुतेक गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवा) कार्डाचा रकाना स्वतःच्याच आयफ्रेममध्ये (तुमच्या पानात बसवलेल्या त्यांच्या पानात) देतात, आकडे तुमच्या कोडपर्यंत येतच नाहीत. तसं असेल तर ही सगळी उठाठेव सोडूनच द्या.

मग मी स्वतःची लिहिली. पहिल्याच आठवड्यात यूपीआयचा लोगो अर्धा कापलेला दिसू लागला. एकटा ठेवला की पूर्ण, ओळीत ठेवला की अर्धा! दोन रात्री त्यात गेल्या. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या एसव्हीजीत बरेचदा क्लिपपाथ (चित्र कुठवर दिसावं ते ठरवणारा साचा) असतो, त्याला एक आयडी असते. एसव्हीजीओ या साधनानं फाइल लहान करताना प्रत्येक फाइलमधली आयडी 'ए' करून टाकली होती. सगळे लोगो एकाच पानात इनलाइन (थेट पानाच्या कोडमध्ये) आले की ब्राउझर त्या नावाचा पहिला क्लिपपाथ उचलतो, म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा सदरा याच्या अंगात. एसव्हीजीओतलं 'प्रीफिक्स आयडीज' प्लगइन चालू करा, आयडीआधी फाइलचं नाव लागतं. एसव्हीजीओच्या जुन्या आवृत्त्या व्ह्यूबॉक्सही (चित्राची मूळ चौकट) काढून टाकतात, तेही बंद करा, नाहीतर लोगो लहान-मोठा करताना नीट मापात येत नाही. इमेज टॅग वापरला तर आयडींची भानगड उरतच नाही, म्हणून वर तसं म्हटलं.

दुसरी चूक माझी हौसेची. एकच कंपोनंट (पानाचा तयार तुकडा), त्याला नाव द्या, तो लोगो देईल. वापरायला झकास, पण नाव चालू वेळी ठरतं, त्यामुळं बंडलर (सगळा कोड एकत्र बांधणारं साधन) काहीच गाळू शकत नाही आणि एका लोगोसाठी माझ्या लायब्ररीतले सगळे चाळीस लोगो पानात येतात. वसमतच्या बाजारात ज्या नेटवर लोक साइट उघडतात, तिथं हे जाणवतं. प्रत्येक लोगोचा वेगळा एक्स्पोर्ट ठेवा आणि पॅकेजच्या फाइलमध्ये 'साइड इफेक्ट्स' फॉल्स करा, म्हणजे न वापरलेले लोगो बंडलर गाळू शकतो. शेजारी 'यूपीआय' असं लिहिलेलं असेल तर चित्र 'आरिया-हिडन' (स्क्रीन रीडरपासून लपवलेलं) करा, नाहीतर स्क्रीन रीडर तेच नाव दोनदा वाचतो. लिहिलेलं नसेल तर नाव द्यायलाच हवं.

लायसन्सचं म्हणाल तर एमआयटी (कोड कुणालाही मोफत वापरू देणारं लायसन्स) तुमच्या कोडला लागतं, लोगोला नाही. लोगो त्या त्या कंपनीचा ट्रेडमार्क. रंग बदलू नका, साइटच्या हिरव्या थीममध्ये रंगवू नका, फाइल शक्यतो त्यांच्याच ब्रँडच्या पानावरून घ्या. आणि लोगो बदलतात. मास्टरकार्डनं २०१६ मध्ये नवा आणला, २०१९ मध्ये त्यातलं नावच काढलं. असं झालं की नवी आवृत्ती काढणं तुमच्या गळ्यात, पगार नसताना.

मालकांना शेवटी कॅश ऑन डिलिव्हरीचाही लोगो हवा होता. तो कुठंच मिळेना, म्हणून एक नोट आणि एक हात असं मीच काढलं. अख्ख्या लायब्ररीत माझ्या मालकीचं चित्र तेवढंच, आणि त्यांच्या साइटवर सगळ्यात जास्त दाबलं जातं तेही तेच.